मागची चिठ्ठी मागा: खान्देशातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व डॉक्टर व औषधविक्रेते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी चोपडा-यावल पट्ट्यात औषधांचं दुकान चालवते. फार्मसीची पदवी भिंतीवर टांगलेली आहे, गावासाठी मात्र मी 'मेडिकलवाली ताई'. तुम्हाला शिकवायची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. पण मी जिथे उभी असते तिथून जे दिसतं ते केबिनमध्ये बसून दिसणं अवघड आहे, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

मागणी एकच आहे. पंधरा ते पंचवीस वयाचं पोरगं किंवा पोरगी समोर बसली असेल, तर नवी चिठ्ठी लिहिण्याआधी मागची चिठ्ठी मागा. मनाच्या आजाराचं औषध चालू असेल, तर त्याचं नाव तुमच्या चिठ्ठीवर वरच्या बाजूला लिहा. मग ती चिठ्ठी उलटीची असो, खोकल्याची असो की पाठदुखीची.

मानसोपचाराच्या गोळ्या नेणारी तरुण मुलं माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त येतात आणि मला ते चांगलं लक्षण वाटतं. आईबाप स्वतः पोराला घेऊन जळगाव-धुळ्याला जातात, फाईल सांभाळून ठेवतात. पण आपल्याकडची रचना लक्षात घ्या. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशाच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक जिल्ह्याच्या गावी, आणि तालुक्यात किंवा पाड्यावर ताप आला, हगवण लागली, पाय मुरगळला की जवळचा डॉक्टर गाठायचा. कुणी नीटसाठी, कुणी एमपीएससीसाठी पुण्याला राहतो, त्याच्या गोळ्या तिथल्या डॉक्टरांच्या. तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी येतो, इथे आजारी पडतो, इथली चिठ्ठी वेगळी. पहिल्या डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर असतं, दुसऱ्यांनी लिहिलेलंही बरोबर असतं. बिघडतं ते दोन्ही औषधं एकाच अंगात गेल्यावर. त्यात घरच्यांनी कुणालाच काही सांगितलेलं नसतं, कारण 'डोक्याची गोळी' चालू आहे हे गावात कळलं तर सोयरीक अडते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. बारावीचा एक मुलगा. त्याला रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक (भास-भ्रमाच्या आजारावरचं औषध) चालू होतं, नुकताच डोस वाढवलेला. लग्नातलं जेवण बाधलं, उलट्या थांबेनात. जवळच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन मिळालं, वर त्याच्याच गोळ्या. संध्याकाळी चारपाच माणसं त्याला धरून माझ्या दुकानाच्या पायरीवर. मान एका बाजूला पिळलेली, जबडा आवळलेला, बुबुळं इतकी वर चढलेली की पांढरं तेवढं दिसत होतं. हनुवटीवरून लाळ गळत होती. आणि पोरगा पूर्ण शुद्धीत होता. मी नाव घेतलं तर बोटं हलवून ओ देत होता. मागे एका बाईंचा धोशा चालू, 'पोऱ्याले बाहेरनं लागनं'. भगताकडे जायचं आधीच ठरलेलं होतं, गाडी थांबली ती ग्लुकोजच्या पुड्यासाठी.

मी गोळ्यांची पिशवी मागितली. दोन्ही स्ट्रिपा त्यात शेजारीशेजारी पडलेल्या होत्या. ग्रामीण रुग्णालयात फोन केला, तिथल्या डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. भगताला मिळायचं श्रेय सरकारी दवाखान्याला गेलं, तेवढंच समाधान.

याला डिस्टोनिया म्हणतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रिस्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड दोन्ही मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतात. एकाने अडवलेलं असताना दुसऱ्याची भर पडली की स्नायू आपोआप आवळले जातात. औषध सुरू केल्यानंतरचे किंवा डोस वाढवल्यानंतरचे पहिले काही दिवस धोक्याचे, आणि सर्वांत जास्त धोका तरुण मुलग्यांना. मेटोक्लोप्रमाइडवर एकट्यावरसुद्धा युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये पाच दिवसांची मर्यादा घातली, तीही मज्जासंस्थेवरच्या अशाच परिणामांमुळे. आपल्याकडे ते उलटीवर पाण्यासारखं वापरलं जातं.

डोपामिन अडवणारी औषधं इतर चिठ्ठ्यांमध्येही दडलेली असतात, आणि ती लिहिताना कुणाच्या मनात मानसोपचाराचा विचारही येत नाही. चक्कर-उलटीचं प्रोक्लोरपेराझिन घ्या. अर्धशिशीसाठी महिनोन्महिने चालणारं फ्लुनारिझिन घ्या. आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला असतं ते लेव्होसल्पिराइड, ते तर मुळातच अँटिसायकोटिक घराण्यातलं. 'गॅसची कॅप्सूल' म्हणून मी दिवसाकाठी किती देते ते मलाच माहीत. ज्या मुलीला ऑलान्झापिन किंवा हॅलोपेरिडॉल चालू आहे, तिला ही कॅप्सूल दिली आणि महिन्याभराने तिचे हात थरथरायला लागले, चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला, तर घरचे म्हणतात आजार वाढला. आजार वाढला म्हणून अँटिसायकोटिकचा डोस वाढतो. गॅसची कॅप्सूल चालूच असते. उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन आहे, डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही. अर्थात, एसिटालोप्रामसारख्या गोळीबरोबर या दोघांच्याही बाबतीत हृदयाच्या ठोक्यांचा हिशोब करावा लागतो. म्हणजे मागची चिठ्ठी तिथेही पाहिलीच पाहिजे.

मान वाकडी झालेली निदान दिसते तरी. मला जास्त भीती अकॅथिसियाची वाटते. मुलगा एका जागी बसत नाही, ताटावरून उठतो, उभा राहिला तर या पायावरून त्या पायावर होतो, रात्रभर ओट्यावर येरझाऱ्या घालतो. विचारलं तर नीट सांगता येत नाही, 'आतून कसंतरी होतंय' एवढंच म्हणतो. हे अँटिसायकोटिकने होतं, मेटोक्लोप्रमाइडने होतं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही होतं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन तर यकृतातलं जे एन्झाइम रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉल मोडतं तेच अडवतात. म्हणजे चिठ्ठीवर डोस तोच दिसतो आणि रक्तातलं प्रमाण वाढलेलं असतं. अशा वेळी 'पोरगं चवताळलंय' म्हणून डोस वाढवला, तर आगीत तेल पडतं. आतली ती तगमग सहन न होऊन मुलं जिवाचं बरंवाईट करायला निघतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये नैराश्यावरच्या गोळ्यांवर मुलांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दलचा ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. तो इशारा मुख्यतः सुरुवातीच्या आणि डोस बदलण्याच्या काळाबद्दल आहे. नेमकं त्याच काळात आपल्याकडचा रुग्ण शहरातून गावी आलेला असतो आणि पुढची तारीख महिन्याने असते.

आता दुसरी जोडी. नैराश्यासाठी, चिंतेसाठी तरुणांना सर्रास दिल्या जातात त्या एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. ट्रॅमाडॉलही वाढवतं. खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असलेलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही वाढवतं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक सेरोटोनिन मोडणारं एन्झाइमच अडवतं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते महिनोन्महिने चालतं. नंदुरबारच्या डॉक्टरांना वेगळं सांगायला नको की सिकलसेलच्या कळा आल्या की तरुण पोरांना ट्रॅमाडॉल दिलं जातं. दर महिन्या-दोन महिन्यांनी कळा सोसणारं पोरगं नैराश्यात जाणं काही नवल नाही. तेव्हा ही जोडी आपल्याच भागात जुळण्याची शक्यता जास्त. ट्रॅमाडॉलने फिट येण्याचाही धोका असतो आणि या गोळ्यांबरोबर तो वाढतो.

सेरोटोनिन जास्त झालं की लक्षणं बहुतेक वेळा २४ तासांच्या आतच दिसतात. अंगाला दरदरून घाम, जुलाब, मोठ्या झालेल्या बाहुल्या, चुळबुळ, थरथर, ताप. पाऊल झटकन वर दाबून धरलं तर ते आपोआप लयीत उडत राहतं. ही खूण तपासायला ना मशीन लागतं ना रक्त, खाटेच्या पायथ्याशी उभं राहिलं की झालं. पण घाम, जुलाब आणि ताप म्हटलं की आपल्याकडे निदान ठरलेलं: पोट बिघडलं, सलाईन लावा.

न्यूयॉर्कची लिबी झायन ही अठरा वर्षांची कॉलेजची मुलगी. नैराश्यासाठी तिला फेनेल्झिन चालू होतं. मार्च १९८४ मध्ये ताप आणि अंगाच्या झटक्यांसाठी तिला रुग्णालयात दाखल केलं, तिथे रात्री पेथिडिन हे वेदनाशामक दिलं गेलं, नंतर ती आवरेना म्हणून बांधून ठेवून हॅलोपेरिडॉल दिलं. पहाटेपर्यंत ताप १०७ फॅरनहाइटवर गेला आणि सकाळी ती गेली. मृत्यूच्या नेमक्या कारणावर पुढे न्यायालयात वाद झाला, पण फेनेल्झिन आणि पेथिडिनची जोडी देऊ नये हे तेव्हाही माहीत होतं. तिच्या वडिलांनी, ते पत्रकार होते, प्रकरण लावून धरलं आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ८० तासांवर बांधून टाकलं. हे मी मुद्दाम सांगते. धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात रात्रपाळीला असलेल्या निवासी डॉक्टरला मागची चिठ्ठी वाचायला उसंत मिळत नसेल, तर तो दोष त्या डॉक्टरचा एकट्याचा नाही, हे मलाही कळतं.

अँटिसायकोटिकमुळे होणारा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम यापेक्षा संथपणे येतो, दिवसांच्या हिशोबाने. अंग लाकडासारखं ताठ, ताप, घाम, भान हरपलेलं. दुर्मीळ आहे, पण जीव घेतो. आणि आपल्याकडे ताप म्हटलं की टायफॉइडची विडाल चाचणी! ती पॉझिटिव्ह यायला फारसं निमित्त लागत नाही. मग टायफॉइडची इंजेक्शनं सुरू होतात आणि अँटिसायकोटिकची गोळी 'चुकवायची नाही' म्हणून घरचे इमानेइतबारे देत राहतात. ताठ अंग आणि ताप एकत्र दिसले तर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) एकदा बघा आणि ती गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, एवढंच म्हणणं आहे.

आणि मग आपला मे महिना. पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या चिठ्ठीला भुसावळचं ऊन माहीत नसतं. पारा ४४-४५ वर असताना ज्याला अँटिसायकोटिक आणि ट्रायहेक्सिफेनिडिल अशी जोडी चालू आहे, त्याच्या अंगाची थंड होण्याची यंत्रणाच मंदावलेली असते. ट्रायहेक्सिफेनिडिल घाम आटवतं, फिट-अर्धशिशीवरचं टोपिरामेटही लहान वयात तेच करतं. असा पोरगा दुपारी केळीच्या गाडीवर भराईला गेला तर उष्माघात त्याला इतरांच्या आधी गाठणार. मानेचा त्रास होऊ नये म्हणून सुरू केलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. ती अजून लागते का, हा प्रश्न दर फेरीला कुणीतरी विचारायला हवा. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, वाचलेलं लक्षात न राहणं हे त्या गोळीचेही परिणाम असू शकतात, आणि परीक्षेच्या वर्षात पोरं त्याचं खापर स्वतःवर फोडतात.

मनाचे टोकाचे चढउतार सावरणाऱ्या लिथियमचं तर उन्हाशी उभं वैर. घामावाटे मीठ आणि पाणी गेलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यात जुलाब लागले, किंवा कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतलं, की पातळी आणखी चढते. रक्तात ०.६ ते १.० ही साधारण कामाची पातळी, १.५ च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते. अंतर इतकं कमी आहे. हात मोठ्याने थरथरणं, जीभ जड होणं, दारू प्यायल्यासारखी चाल, उलट्या. अशा पोराला आपल्याकडे आधी 'पिऊन आलास का' विचारतात. वेळेवर लक्षात आलं नाही तर लहान मेंदूला कायमची इजा होऊ शकते आणि मग चाल-बोलणं पुन्हा पूर्ववत होत नाही. लिथियमवरच्या रुग्णाला डायक्लोफिनॅकऐवजी पॅरासिटामॉल देणं ही काही मोठी अडचण नाही. पण त्यासाठी लिथियम चालू आहे हे समोरच्याला कळायला हवं.

अशा आणखी जोड्या आहेत. फिटसाठी आणि मनाच्या चढउतारांसाठीही दिलं जाणारं कार्बामाझेपिन चालू असताना घसादुखीला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं की दोन-दोन दिसायला लागतं, तोल जातो. त्याच कामाचं व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिन नेहमीच्या वेगाने वाढवलं की अंगावर घातक पुरळ उठू शकतं. सगळ्या इथे मांडत बसत नाही.

कुणी या पत्राचा अर्थ 'डोक्याच्या गोळ्या वाईट' असा काढेल, म्हणून स्पष्ट लिहिते. या गोळ्यांनी उभी राहिलेली, कॉलेजला परत गेलेली मुलं मी रोज बघते. दोन-दोन औषधं एकत्र द्यावी लागणं ही कित्येक आजारांत गरज असते आणि तज्ज्ञ ती जाणूनबुजून देतात. हे वाचून कुणी पालकाने गोळी परस्पर बंद केली तर त्याने वेगळंच संकट ओढवेल: क्लोनाझेपाम एकदम सोडलं तर फिट येऊ शकते, लिथियम सोडलं तर आजार उसळतो. शंका आली तर लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ते गाठ पडत नसतील तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर विचारा. मान-डोळे आवळले, ताप आणि ताठरपणा आला, शुद्ध हरपली, तर सरळ दवाखाना गाठा आणि सगळ्या गोळ्या पिशवीसकट सोबत न्या.

मानसोपचारतज्ज्ञांना एक विनंती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं बंधनकारक आहे. गर्दीच्या ओपीडीत प्रत्येकाला ते सांगणं जमत नाही हे दिसतं मला. पण फाईलच्या मागे मराठीत पाच ओळी छापून घेता येतील: काय दिसलं तर धावत यायचं, आणि कोणती साधी औषधं विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. अहिराणीत छापल्या तर सोन्याहून पिवळं.

आता माझ्या औषधविक्रेत्या बांधवांनो, आपल्याकडेही बोट वळवते. पाच गोळ्या मागितल्या की आपण कात्रीने स्ट्रिप कापतो, नाव दुसऱ्या तुकड्यावर राहतं, आणि पोराच्या खिशात चंदेरी, बिननावाचा तुकडा जातो. रात्री बेशुद्ध पोराच्या खिशातून तोच तुकडा निघतो आणि डॉक्टर हताशपणे त्याकडे बघतात. नावाची बाजू गिऱ्हाइकाला द्या, नाहीतर पाकिटावर पेनाने नाव आणि ताकद लिहा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहेत, रजिस्टरला नोंद होतेच. तीच नोंद करताना 'अजून काय चालू आहे?' हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. विनाचिठ्ठी 'मागचीच द्या' म्हणणाऱ्याला चिठ्ठी आणायला लावा, तो शेजारच्या दुकानात जाईल हे माहीत असूनही. आणि दुष्परिणाम दिसला तर भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, डॉक्टरची सही लागत नाही. आपल्या जोड्यांची, आपल्या उन्हाची नोंद खान्देशातून गेलीच नाही, तर ती पुस्तकात येणार कुठून?

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. पंचविशीच्या आतलं कुणी मानसोपचाराची चिठ्ठी घेऊन आलं, की चालू औषधांची नावं ठळक अक्षरात एका कार्डावर लिहून देते आणि ते पाकिटात आधारकार्डाशेजारी ठेवायला सांगते. त्याच पोराची तुमची चिठ्ठी आली आणि जोडी जुळत नसली, तर औषध देण्याआधी तुम्हाला फोन करते. काही डॉक्टरांना ते आवडत नाही, 'दुकानदाराने दुकान बघावं' असंही ऐकवलं जातं. ऐकून घेते. फक्त तुमचा चालू असलेला मोबाईल नंबर चिठ्ठीवर छापा. बरेचदा तिथे बंद पडलेला लँडलाइन असतो. शक्यतो ओपीडी संपल्यावरच करीन, पण पोरगं पायरीवर आणून ठेवलेलं असेल तर वेळ बघणार नाही.

कळावे,

आपली,
एक औषधविक्रेती,
जिल्हा जळगाव